धनकोचे हक्क, मराठवाड्यातील (नांदेड–लातूर)

उसनी दिलेली रक्कम अथवा विकलेल्या मालाची किंमत ठरल्या मुदतीत न मिळाल्यास ती वसूल करण्यासाठी रूढीने वा कायद्याने मान्य केलेले अधिकार म्हणजे धनकोचे हक्क होत. ऋणकोची मालमत्ता सर्व देण्यांस अपुरी पडली, की या हक्कांना दोन बाजू येतात. धनको व ऋणको यांच्यात वसुली किती आणि कोणत्या मार्गाने व्हावी, हा पहिला प्रश्न असतो. निरनिराळ्या धनकोंपैकी आधी कोणाचे फेडावे, हा दुसरा. नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबई इलाख्यातील ऋणविषयक कायदे येथे लागू नव्हते. येथील धनकोचा हक्क प्रथम ऋणकोच्या देहावर व श्रमावर, नंतर त्याच्या जमिनीवर आणि शेवटी कायद्याने ठरवून दिलेल्या वाटपावर आधारलेला दिसतो. या वाटचालीत, पूर्वी बहुधा ऋणको म्हणूनच वावरणारा शेतकरी ऊस-उत्पादक व ठेवीदार या नात्यांनी धनकोही झाला. ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासात विशेष महत्त्वाची आहे.

धर्मशास्त्रातील तरतुदी : मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानास पहिले स्थान आहे. हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात असताना सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. ते लातूर जिल्ह्याला लागूनच आहे. याज्ञवल्क्याने तारण असलेल्या कर्जावर दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग एवढे व्याज सांगितले, तर बिनतारणी कर्जावर वर्णानुक्रमे शेकडा दोन ते पाच असा दर दिला. एकरकमी घ्यावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक नसावे, हा दामदुपटीचा नियम याच परंपरेतील होय. अनेक धनको असल्यास ज्या क्रमाने कर्जे घेतली, त्या क्रमाने ती फेडावीत. तथापि धनको भिन्न वर्णांचे असल्यास वरच्या वर्णाचे आधी द्यावे, असा दंडक होता. पित्याचे ऋण पुत्रपौत्रांवर येई. मात्र मद्य, द्यूत वा विषयोपभोग यांसाठी केलेले ऋण पुत्रास बंधनकारक नसे. फेडीचे साधन न उरलेल्या हीन जातीच्या ऋणकोकडून काम करवून घ्यावे, ब्राह्मण ऋणकोकडून मात्र त्याच्या मिळकतीप्रमाणे हळूहळू वसुली करावी, असे स्मृती सांगते. म्हणजे हप्तेबंदी आणि वेठ या दोन्ही कल्पना एकाच श्लोकात आहेत. ऋणकोच्या वाट्याला कोणती यावी, हे त्याची जात ठरवी.

तगादा आणि धरणे : मनूने वसुलीच्या पाच उपायांत ‘आचरित’ व ‘बल’ यांचा समावेश केला आहे. ऋणकोच्या दारात उपाशी बसून त्यास अडवून धरणे, म्हणजे धरणे धरणे, हा आचरिताचा प्रकार होय. एल्फिन्स्टनने पेशवाईतून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात तगाद्याच्या अशा रीतींची नोंद केली आहे. निजामाच्या मुलखात यास आणखी एक परिमाण होते. तेथील अरब व रोहिले शिपाई स्वतः व्याजबट्टा करीत आणि इतरांच्या वतीने वसुलीही करीत. त्यांच्या हाती शस्त्र असल्याने वसुलीस न्यायनिवाड्याची गरज भासत नसे. पहिल्या सालारजंगाने आपल्या दिवाणगिरीत (१८५३–८३) या जमातींच्या खाजगी अधिकारास आळा घातला व न्यायदानाची नवी व्यवस्था उभारली. तेव्हापासून धनकोचा हक्क तत्त्वतः तरी न्यायालयातून बजावला जाऊ लागला.

राज्यसत्ता ऋणको असताना : चंदूलालच्या कारभारात खुद्द संस्थानच सावकारांच्या कर्जात बुडाले. राजास न्यायालयात खेचता येत नसल्याने त्याचे धनको महसूल तोडून घेत. कर्जापोटी तालुक्यांचा वसूल सावकारांकडे व अरब जमादारांकडे लावून दिला जाई. अशा तालुक्यात कर्ज राज्याचे असले, तरी त्याची फेड रयतेकडून होई. हैदराबादेतील पामर आणि कंपनी या पेढीचे देणे भागविण्यासाठी उत्तर सरकार प्रांतापोटी ईस्ट इंडिया कंपनीकडून मिळणाऱ्या सालीना सात लाखांच्या पेशकशीवर निजामास पाणी सोडावे लागले. त्याबदल्यात कंपनी सरकारने सुमारे १ कोटी १६ लाख रुपये दिले. पुढे हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवचा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले व ५० लाखांचे ऋण रद्द झाले. वऱ्हाड मात्र परत आले नाही. पुढील काळात लातूर याच धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याचा भाग होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला.

जमीन हेच तारण : सालारजंगाच्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी सुरू झाली. पट्टेदाराचा हक्क नोंदला गेला आणि त्यामुळे जमीन गहाण टाकणे वा विकणे सुलभ झाले. मनमाड–हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून सुरू झाला व बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातुरास पोहोचली. कापूस व गळिताची धान्ये दूरच्या बाजारपेठेशी जोडली गेली, अडत वाढली आणि पिकावर आगाऊ रक्कम देण्याचा व्यवहार बळावला.

मुंबई इलाख्यात अशाच स्थितीतून १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले. त्यांचे फलित म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम. दस्तऐवजामागे जाऊन मूळ हिशेब तपासणे, हप्ते बांधून देणे, देण्यापोटी शेतकऱ्यास अटक न करणे आणि त्यास नादारी मागू देणे, या त्यातील प्रमुख तरतुदी होत. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. सोलापूरच्या हद्दीपलीकडील निजामी गावांस त्याचा आधार नव्हता. एकाच पेढीचा ऋणको सरहद्दीच्या अलीकडे राहतो की पलीकडे, यावर त्याचे संरक्षण अवलंबून असे.

हैदराबादचे विनियम : केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये केलेल्या आर्थिक पाहणीने आणि त्यानंतर भरूचा यांच्या शेतकी कर्जविषयक अहवालाने (१९३७) संस्थानातील ऋणग्रस्तता उजेडात आणली. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, पण कर्जाचा आकडा तोच राहिला. १९३० नंतरच्या दशकात व १९४० च्या सुमारास जमिनीचे हस्तांतरण, कर्जाचा समेट व सावकारी यांसंबंधीचे विनियम निघाले. १९३६ चा विनियम भगेला करारांविषयी होता. कर्जापोटी मालकाकडे राबणाऱ्या मजुरास संस्थानात भगेला म्हणत. मराठवाड्यात उचल घेऊन वर्षभर बांधला जाणारा सालगडी कराराने राबे. तथापि उचल फिटली नाही, की त्याची अवस्था भगेल्याहून फारशी वेगळी राहत नसे. देशभरात ही पद्धत १९७५ च्या वटहुकुमाने व त्यानंतरच्या १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन अधिनियमाने बेकायदा ठरली आणि अशा ऋणाची वसुली करण्याचा धनकोचा हक्क संपुष्टात आला.

विलीनीकरणानंतर : १९५१ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबादसह ब वर्गाच्या राज्यांस लागू झाली. तीनुसार हुकूमनामा मिळविलेल्या धनकोस जप्ती, लिलाव व काही परिस्थितीत ऋणकोस दिवाणी कैद असे मार्ग मिळतात. परंतु शेतकऱ्याची अवजारे, बैल, बी-बियाणे व राहते घर यांना कलम ६० जप्तीतून वगळते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस कैद करता येत नाही. केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोस कैदेत टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले. मुदतीच्या १९६३ च्या अधिनियमाप्रमाणे साध्या कर्जाचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. मुदतीच्या आत ऋणकोने लेखी कबुली दिल्यास नवी मुदत सुरू होते.

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत (१९५१-५२) शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के, तर सावकारांचा दोन-तृतीयांशांहून अधिक आढळला. त्यानंतर सहकारी पतपुरवठ्यास चालना मिळाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने (१९६०) संस्थेस वसुली-दाखल्याचा मार्ग दिला. त्यामुळे दिवाणी दाव्याशिवाय थकबाकी वसूल करता येऊ लागली. सावकाराचा हक्क आक्रसत असताना संस्थात्मक धनकोचा हक्क असा बळकट होत गेला. २२ ऑगस्ट १९७५ च्या वटहुकुमाने व त्यानंतरच्या महाराष्ट्र ऋणमुक्ती अधिनियमाने सीमांत शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची सावकारी ऋणे रद्द झाली. सरकार, सहकारी संस्था व बँका यांची ऋणे कायम राहिली. हा अधिनियम सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फत्तेचंद हिंमतलाल खटल्यात वैध ठरविला. २००८, २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजना यापासून तत्त्वतः वेगळ्या आहेत. १९७५ मध्ये धनकोचा हक्कच नाहीसा करण्यात आला, तर पुढील योजनांत शासनाने ऋणकोच्या जागी उभे राहून बँकांचे देणे दिले.

दिवाळखोरी आणि वाटपाचा क्रम : ब्रिटिश हिंदुस्थानात १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाने दिवाळखोरीची सर्वसाधारण चौकट घालून दिली होती. किमान ५०० रुपये येणे असलेला धनको, ऋणकोने नादारीचे कृत्य केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करू शके. नादार ठरलेल्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा प्रापकाकडे जाई. एखाद्याच धनकोस झुकते माप देण्यासाठी अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत केलेली फेड रद्द ठरविता येई. शासनाची देणी व नोकरांचे मर्यादित वेतन वजा जाता उरलेली रक्कम बिनतारणी धनकोंत प्रमाणशीर वाटली जाई. वर्णानुसार ठरणारा अग्रक्रम जाऊन देण्याच्या स्वरूपानुसार अग्रक्रम ठरू लागला, हा यातील मूलभूत बदल होय.

नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. निजामी राजवटीत स्थापन झालेली ही कापडगिरणी १९७४ च्या आजारी वस्त्रोद्योग राष्ट्रीयीकरण अधिनियमान्वये केंद्र शासनाकडे आली. या अधिनियमाने देशातील १०३ गिरण्या १ एप्रिल १९७४ पासून ताब्यात घेतल्या. गिरणीच्या जुन्या धनकोंना शासनाविरुद्ध दावा न लावता देणी आयुक्तांपुढे मागणी मांडावी लागे. ठरवून दिलेली रक्कम अनुसूचीतील क्रमाने वाटली जाई व ती संपली, की खालच्या वर्गातील धनकोच्या हाती काही उरत नसे.

शेतकरी धनको म्हणून : ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे साखर कारखान्याने ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत किंमत दिली पाहिजे, विलंब झाल्यास सालीना १५ टक्के व्याज देय होते. थकबाकी जमीन महसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल करता येते. त्यासाठी साखर आयुक्त जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली-दाखला पाठवितात. तथापि गोदामातील साखर बहुधा बँकेकडे आधीच तारण असते. त्यामुळे कागदावर भक्कम असलेला उत्पादकाचा हक्क प्रत्यक्षात तारणी धनकोच्या मागे पडतो. सहकारी कारखाना अवसायनात गेल्यास हे अंतर अधिक वाढते.

बँकेतील ठेवीदारही धनकोच असतो. १९६८ च्या दुरुस्तीनंतर ठेव विम्याचे संरक्षण सहकारी बँकांस टप्प्याटप्प्याने मिळू लागले. विम्याची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख व ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये करण्यात आली. लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी १९९३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अधिनियमानुसार खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. एरवी बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. लातूरच्या डाळ व तेल गिरण्यांसारख्या उद्योगांना माल घेताना व विकताना ही तरतूद दोन्ही बाजूंनी लागू पडू शकते.

दिवाळखोरी संहितेने (२०१६) कंपन्यांच्या बाबतीत कामगारांचे अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांचे वेतन आणि तारण सोडून देणारे तारणी धनको यांना एकाच पायरीवर ठेवले. शासनाचे देणे त्यांच्या खाली आले. मालपुरवठादारांसारखे बिनतारणी व्यापारी धनको मात्र शेवटच्या पायऱ्यांवरच राहिले. संहितेनुसार कार्यवाही सुरू करण्यासाठी लागणारी थकबाकीची किमान मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटी रुपये करण्यात आली. त्यामुळे लहान पुरवठादारास हा मार्ग एकट्याने वापरणे कठीण झाले.

एकंदरीत पाहता, कायद्याने धनकोचा हात ऋणकोच्या देहावरून व बैलांवरून दूर केला, हे या इतिहासातील निर्विवाद यश होय. मात्र धनकोधनकोंमधील विषमता पूर्णपणे मिटली नाही. पूर्वी तिचा आधार वर्ण होता, आता तारण आहे. तारण मागण्याची ताकद नसलेला ऊस-उत्पादक थकलेल्या बिलासाठी कारखान्याच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारात धरणे धरतो, तेव्हा तो धनकोचा सर्वांत जुना उपाय वापरीत असतो.