नाथांची पोथी गावबाने पुरी केली, त्याला कोणी नक्कल म्हटले नाही

केंतारो मिउरा ६ मे २०२१ रोजी गेले, तेव्हा त्यांची ‘बर्सर्क’ ही जपानी चित्रकथा तीस वर्षांहून अधिक काळ चालू होती आणि शेवट अजून दृष्टिपथात नव्हता. वर्षभराने, जून २०२२ मध्ये, ती दुसऱ्यांच्या हातून पुन्हा सुरू झाली. अशा वेळी एक मत हमखास पुढे येते. कर्ता गेला, कथा आहे तिथे ठेवा. रेष ही चित्रकाराची सही. दुसऱ्याने ओढली की ती नक्कल, आणि त्यापुढचा सगळा प्रकाशकाचा गल्ला. मत मोठे सोवळे आहे. मला ते पटत नाही, आणि मराठी वाचकाने तर ते इतक्या सहजी उचलू नये.

कारण आपल्या घरातलेच उदाहरण आहे. एकनाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला तेव्हा ‘भावार्थ रामायण’ अपुरे होते. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले होते, रामाचा राज्याभिषेक व्हायचा होता, उत्तरकांड तर सगळेच बाकी होते. ते गावबाने पुरे केले. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यावर येऊन राहिलेला, लोकांनी वेड्यात काढलेला पोरगा, असे परंपरा सांगते. पैठणात काय शास्त्री-पंडितांचा दुष्काळ होता? तरी काम गेले ते नाथांच्या सहवासात वाढलेल्याकडे. त्याचे अध्याय नाथांच्या तोडीचे नाहीत असे म्हणणारे जाणकार आहेत. असोत. पण पोथी बांधताना ते कोणी वेगळे काढून ठेवले नाहीत.

त्याच्याही कितीतरी आधी बाणभट्टाची ‘कादंबरी’ अर्धवट राहिली, ती त्याच्या मुलाने संपवली. या मुलाने आरंभीच कबुली दिली आहे: वडिलांबरोबर कथाही तुटली, सज्जनांना त्याचे दुःख झाले, म्हणून हे हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. उत्तराधिकाऱ्याची इतकी नेमकी भूमिका मला दुसरीकडे आढळलेली नाही. सांधा कुठे आहे हे त्याने लपवले नाही.

नाथांचे भागवत मात्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले, १५७३ मध्ये, काशीत. त्या काशीत अहिल्याबाई घाटावर उतरणाऱ्या मराठी यात्रेकरूला कर्तृत्व एका हाताचे असते हे पटवणे अवघडच जाईल. शेजारचा दशाश्वमेध घाट नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला गेला, पुढे अहिल्याबाईंनी त्याची पुन्हा बांधणी केली. विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० चे, होळकरांचे. त्याच्या शिखरावरचे सोने नंतर पंजाबच्या रणजितसिंहांनी दिले. त्या सोन्याने अहिल्याबाईंचे काम बाटले, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, दगडाचे सोडा, रेषेचे बोला. ठीक, रेषेचे बोलू. चित्रकथेतली रेष तरी एकाची कधी होती? ‘टिनटिन’कार एर्जे यांनी १९५० मध्ये स्टुडिओ काढला, आणि पुढच्या पुस्तकांतल्या कितीतरी पार्श्वभूमी बॉब द मूर आणि इतर सहकाऱ्यांच्या हातच्या आहेत. मिउरांचाही मदतनीसांचा ‘स्टुडिओ गागा’ होता. त्यांच्या निधनानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये छापून आलेले शेवटचे प्रकरण याच मंडळींनी हातावेगळे केले. आज पुढची चित्रे तीच काढतात. जो हात काल पानावर चालत होता, तो मालकाच्या मृत्यूने आज परका कसा झाला?

एर्जे यांचे नाव आले म्हणून पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट दाखलाही घेऊ. ते ३ मार्च १९८३ रोजी गेले, ‘टिनटिन आणि आल्फ-आर्ट’ अपुरे राहिले, आणि १९८६ मध्ये ते कच्च्या रेखाटनांसह तसेच प्रसिद्ध झाले. पुरे करायला द मूर तयार होते. एर्जेंच्या पत्नीने नकार दिला. माझ्या मते योग्यच केले, कारण आपल्यामागे टिनटिन चालू नये असे एर्जे स्वतः सांगून गेले होते. म्हणजे इथे निर्णय कर्त्याच्या इच्छेने झाला. मृत्यूने कथेवर आपोआप कुलूप लागते, असा नियम त्यातून निघत नाही. मिउरांनी तर उलट सगळा कथाभाग आपला शाळेपासूनचा मित्र कोजी मोरी याला सांगून ठेवला होता. मोरी स्वतः चित्रकथाकार. त्याने काम घेताना अट घातली ती स्वतःवर: मिउरांनी सांगितले तेवढेच लिहीन, नीट आठवत नाही ते लिहिणार नाही, पदरचे घालणार नाही. पुस्तकावर मूळ कर्ता मिउरा, देखरेख मोरी, चित्रे स्टुडिओ गागा, असे स्वच्छ छापले जाते.

गंमत अशी, की जिथे हरकत घ्यायला जागा आहे तिथे हे सोवळेवाले गप्प असतात. ‘टिंकल’मधला सुप्पंडी राम वाईरकरांच्या रेषेने घराघरांत पोचला. ते २००३ मध्ये गेले. पुढे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी तो काढला, आणि पोरे हसत राहिली. सुप्पंडीला शेवट नाही. तो थांबला असता तरी वाचकाचे काही देणे राहिले नसते. चार्ल्स शुल्झ यांच्या पश्चात ‘पीनट्स’च्या नव्या पट्ट्या काढायच्या नाहीत, हे त्यांच्या कुटुंबाने पाळले आणि कोणाचे काही अडले नाही. पण तीस वर्षे सूडाच्या वाटेवर चालवलेला नायक वाटेतच सोडणे ही वेगळी गोष्ट. तिथे वाचकाला शब्द दिलेला असतो. भावार्थ रामायणाचे पारायण करणारा कोणी युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायावर पोथी बांधून उठत नाही, आणि पुढचे अध्याय वाचताना आपण नाथांचा अपमान करतो आहोत असेही त्याला वाटत नाही.