चाळणी आणि मूळ प्रत

इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील, घोड नदीकाठचे गाव. तेथील पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजाने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून, इ. स. पू. १६०० ते ७०० च्या सुमारास नांदलेली ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांचा तीवरील अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. उत्खननाचा नियम मोठा निष्ठुर आहे. माती चाळून मणी, धान्याचे दाणे, हाडे हाती येतात. परंतु एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. पुढील अभ्यासकास उरतात त्या वेचलेल्या वस्तू आणि लेखी नोंदी.

अशा नोंदी, तसेच जुनी दफ्तरे व मासिके, आज संगणकावर उतरविली जात आहेत. त्यांच्या राशीतून हवी ती ओळ काढावयाची, तर तेथेही चाळणी लागते. ही चाळणी मात्र मूळ प्रतीस धक्का लावीत नाही.

तिचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, युनिक्स या कार्यप्रणालीत झाला. ब्रायन कर्निघन सांगतात, की त्यांचे सहकारी ली मॅकमहॉन यांस १७८७-८८ मधील ‘फेडरलिस्ट’ या ८५ निबंधांची छाननी करावयाची होती. सर्वांवर एकच टोपणनाव असल्यामुळे काहींचे कर्तृत्व वादग्रस्त होते. तेवढा मजकूर त्या वेळच्या संपादन-साधनात मावेना. तेव्हा केन थॉम्सन यांनी त्यातील शोधाची क्रिया वेगळी काढून दिली. तीच ‘ग्रेप’ ही आज्ञा. म्हणजे इतिहासातील एका वादाने या चाळणीस हातभार लावला म्हणावयाचे! १९७३ मध्येच डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने एका आज्ञेचे फलित दुसरीस पोचविणारी ‘नळी’ आली. १९९१ साली निघालेल्या लिनक्सने हा सारा वारसा उचलला.

यातील प्रत्येक आज्ञा एकच काम करते. ‘कॅट’ सबंध मजकूर दाखविते, ‘लेस’ पडद्यापुरता. ‘हेड’ पहिल्या दहा ओळी देते, ‘टेल’ शेवटच्या. ‘ग्रेप’ जुळणाऱ्या ओळी निवडते, ‘सॉर्ट’ त्या क्रमाने लावते, ‘युनिक’ लागोपाठच्या सारख्या ओळी एक करते आणि ‘डब्ल्यूसी’ मोजदाद करते. उभ्या दंडाने त्या जोडल्या, की हजारो ओळींतून मण्यांच्या तेवढ्या नोंदी क्षणात पुढे येतात. फलित मात्र नेहमी निराळ्या नावाने ठेवावे. मूळ फाइलीच्याच नावावर वळविल्यास ती रिकामी होते, आणि मग इनामगावच्या थराचीच गत!

याच थॉम्सन यांनी रॉब पाईक यांच्यासह १९९२ मध्ये ‘यूटीएफ-८’ ही लेखनपद्धती रचली. तीमुळे देवनागरीही या चाळणीतून जाऊ लागली.

तथापि चाळणीस अक्षर कळते, अर्थ कळत नाही. ‘मणी’ शोधता ‘रमणीय’ही हाती येते. त्याहून मोठा धोका निसटण्याचा. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या मजकुरात ‘इनामगांव’ असे सानुस्वार लिहिलेले आढळेल. ‘इनामगाव’ शोधणाऱ्यास त्यातील एकही ओळ दिसणार नाही. असा अभ्यासक जुन्या साहित्यात या गावाचा उल्लेखच नाही, असे सिद्ध करून मोकळा व्हावयाचा! वस्तुतः शोधशब्दात अनुस्वार घालून त्यापुढे तारांकन दिले, की अनुस्वार असो वा नसो, दोन्ही रूपे सापडतात. एवढ्यासाठी जुने लेखन ठाऊक असावे लागते. ते ज्ञान आज्ञावलीत नसते.

चुकीच्या जागी मारलेल्या कुदळीस क्षमा नाही. मजकुराच्या बाबतीत ती सवलत आहे: मूळ प्रत जपली, तर चुकलेला प्रश्न सुधारून पुन्हा विचारता येतो. पूर्वीच्या संशोधकांस न लाभलेली ही सवलत आपण वाया घालवू नये.