द्विरुक्ती-निरासाची कुळकथा

भविष्यकालीन नगरांत घडणारे जे भूमिकाखेळ आज खेळले जातात, आणि ज्यांत 1988 साली निघालेला माइक पाँडस्मिथ यांचा ‘सायबरपंक’ अग्रगण्य आहे, त्यांत परक्या यंत्रणेत शिरणाऱ्या हॅकरला दर फेरीस मोजक्याच कृतींची मुभा असते. एकच काम दोनदा न करण्याची जी विद्या त्याला तारू शकते, तिचे कुळ कम्पायलरच्या शास्त्रात आहे, आणि त्या कुळाची एक शाखा पवईची आहे.

1957 साली जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम 704 साठी फोर्ट्रानचा कम्पायलर सिद्ध केला, तेव्हाच यंत्राने रचलेली आज्ञावली माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या तोडीस उतरावी, हा आग्रह त्याने धरला होता. परंतु जी राशी एका वाटेने आल्यास आधीच काढलेली असते आणि दुसऱ्या वाटेने आल्यास नसते, तिची सर्वसाधारण तजवीज एटिएन मोरेल व क्लोद रँव्हॉइज यांनी 1979 साली केली.

समजा, एका कंपनीच्या दप्तरखान्याकडे दोन वाटा जातात. पहिलीवर एक सांकेतिक किल्ली उलगडावीच लागते, दुसरीवर लागत नाही, आणि वाटा मिळतात त्या दालनात तर ती हवीच आहे. कोणती वाट लाभेल हे ठाऊक नसल्याने हॅकर आपल्या आज्ञावलीत ते काम दालनातच लिहून ठेवतो, आणि पहिल्या वाटेने आल्यास ते दोनदा घडते. मोरेल-रँव्हॉइज यांच्या रीतीने ते दुसऱ्या वाटेच्या अखेरच्या टप्प्यावर न्यावे व दालनातून वगळावे. मात्र त्या टप्प्यावरून तिसरीकडेही वाट फुटत असेल, तर तिकडे जाणाऱ्यावर नाहक बोजा पडेल; म्हणून काम टप्प्यावर नव्हे, तर टप्पा व दालन यांना जोडणाऱ्या दुव्यावर ठेवावे, हा विचार पवईच्या मुंबई आयआयटीतील धनंजय ढमढेरे यांनी 1988 व 1991 च्या निबंधांत पद्धतशीर मांडला; पुढे उदय खेडकर यांच्यासह त्यांनी 1994 साली अशा विश्लेषणाचा व्यापक सिद्धान्त दिला.

जुहूच्या महिला विद्यापीठाच्या आवारात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलींनी असा खेळ मांडला, तर हॅकिंगचा निकाल केवळ फाशांच्या हवाली न करता वाटांचा नकाशा पटावर उघडा ठेवावा, असे मला मनापासून वाटते. कारण एकाची बचत करताना दुसऱ्या कोणाही वाटसरूवर भार पडू नये, ही या विद्येची मूळ अट खेळाडूने स्वतः सिद्ध करून दाखवली, म्हणजेच त्याच्या पात्राच्या कौशल्याला खरा अर्थ येतो.