कंपवाताचे दोन अभ्यासक

शोधांचा इतिहास सांगतांना योगायोगास मानाचें पान देण्याची हौस आपणां सर्वांसच असते. कंपवातावरील विद्युत्-उपचाराची हकीकतही बहुधा अशीच सांगण्यांत येते. १९८७ सालीं फ्रान्समधील ग्रनोब्ल येथें शस्त्रवैद्य आलीं-लुई बेनाबिद एका रोग्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करीत होते. थॅलॅमस नामक भागाचा अल्प अंश नष्ट करून कंप थांबवावयाचा, ही तेव्हांची रीत. तत्पूर्वीं जागा बिनचूक आहे ना, हें विद्युत्प्रवाहानें चांचपून पाहावयाचें. स्पंदनें सेकंदास १०० च्या आसपास जातांच कंप थांबला. नाश न करितांच कार्यभाग साधला!

परंतु आमच्या मतें ही अर्धीच गोष्ट झाली. १९६८ सालीं महलॉन डीलाँग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत एडवर्ड एव्हार्ट्स यांच्या प्रयोगशाळेंत आले, तेव्हां मेंदूचे मोहक भाग इतरांनीं आधींच वांटून घेतले होते. यांच्या वांट्यास तळाशीं असलेल्या, कार्य न उमगलेल्या बेसल गँग्लिया आल्या. माकड हात हालवीत असतां एकेका पेशीचे विद्युत्संकेत टिपीत राहणें, हेंच त्यांचें वर्षानुवर्षांचें काम.

पुढें १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत भेसळीचें कृत्रिम हेरॉइन टोंचून घेतलेले कांहीं तरुण एकाएकीं काष्ठवत् झाले. विल्यम लँगस्टन व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतील एमपीटीपी हें विष हुडकलें, आणि माकडांत कंपवात उत्पन्न करण्याचें साधन शास्त्रास लाभलें. १९९० सालीं डीलाँग, बर्गमन व विखमन यांनीं अशा माकडांतील सबथॅलॅमिक केंद्र निकामी केलें, तों जखडलेलीं माकडें पुन्हां हिंडूं लागलीं. तेंच केंद्र १९९३ सालीं बेनाबिद यांनीं मनुष्यांत विजेच्या तारेनें गांठलें. रोग त्यानें समूळ जात नाहीं. पण कंप, ताठरपणा व मंदगति यांस पुष्कळ उतार पडतो. २०१४ चें लास्कर पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें, तें यथार्थच होय.

वीज कशी वापरावी हें शस्त्रवैद्याच्या सावध दृष्टीनें ओळखलें. ती कोठें पोंचवावी हें बावीस वर्षांच्या टिपणांनीं दाखविलें. आमच्या विद्यापीठांतून नवख्या संशोधकास पहिल्याच दिवशीं ‘याचा उपयोग काय?’ असें विचारण्याचा प्रघात आहे. १९६८ सालीं डीलाँग यांस हा प्रश्न कोणी केला असता, तर त्यांस बहुधा मौनच धरावें लागलें असतें. आणि तेवढ्यावरून कोणी त्यांचें वेतन बंद केलें असतें, तर त्याचा दंड रोग्यांस भरावा लागला असता.