बारवेच्या पाण्यातील एकाक्ष

जालना जिल्ह्यातील अंबड या प्राचीन कसब्यालगतची टेकडी मत्स्याकार दिसते म्हणून तीवरील देवीस मत्स्योदरी हे नाव पडले, आणि नवरात्रात तिच्या दर्शनास लोटणारा जनसमुदाय पिढ्यान्‌पिढ्या गावातील विहिरी व बारवांच्या पाण्यावर आपली तहान भागवीत आला. गोदावरी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते खरी, परंतु तिचे पाणी कसब्याच्या उंबरठ्यापर्यंत येत नाही. काळ्या पाषाणाच्या या प्रदेशात पाणी हवे असेल तर ते खोल खणूनच काढावे लागे. अशा मुलखात बारव बांधणे हे दानांत श्रेष्ठ दान गणले गेले यात नवल नाही. अंबड होळकरांच्या अमलाखाली होते, आणि १७६७ ते १७९५ पर्यंत महेश्वराहून राज्यकारभार पाहणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी हिंदुस्थानभर घाट, धर्मशाळा व पाणवठे उभारले, तशी अंबडलाही पुष्करणी नावाने ओळखली जाणारी दगडी बारव बांधली. १८१८ च्या मंदसौरच्या तहाने होळकरांची सातपुड्याच्या दक्षिणेकडील ठाणी त्यांच्या हातून गेली, अंबड निजामाच्या राज्यात आले, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका म्हणून त्याचा महसूल व त्याचे दप्तर चालले. राज्ये बदलली, हुकूमनामे बदलले. बारवेच्या पायऱ्या मात्र पाण्यापर्यंत तशाच उतरत राहिल्या.

बारवेचे सर्व औदार्य त्या पायऱ्यांत आहे. आडाचे पाणी शेंदण्यास पोहरा, दोर आणि मनगटात बळ लागते; बारवेत वाटसरू रिकाम्या हाताने उतरतो, ओंजळीने पितो, पाय धुतो आणि वर येतो. परंतु ज्या सोयीसाठी दात्यांनी द्रव्य वेचले आणि पाथरवटांनी आयुष्ये घालविली, त्याच सोयीच्या वाटेने एक दारुण व्याधी शतकानुशतके मराठवाड्याच्या गावांत शिरत होती, आणि तिला आपल्या पोटात घेऊन फिरणारा वाहक त्याच पाण्यात, पिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, तरंगत होता. बारवांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात शिल्पाची, दात्याची, शिलालेखाची चर्चा असते आणि ती असावीच. तथापि पाण्यातील या रहिवाशास वगळून लिहिलेला बारवेचा इतिहास मला अपुरा वाटतो.

हा रहिवासी म्हणजे सायक्लॉप्स. काचेच्या पेल्यात बारवेचे पाणी घेऊन ते उजेडाकडे धरले, तर खसखशीच्या दाण्याएवढे पांढुरके ठिपके मधूनमधून झटका देऊन पुढे सरकताना दिसतात; थांबतात, किंचित खाली बुडतात आणि पुन्हा झटका देतात. भिंगाखाली पाहिल्यास समोर रुंद व मागे निमुळते होत गेलेले शरीर, मस्तकावर मध्यभागी एकच तांबूस डोळा, आणि मादी असल्यास शेपटीच्या दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या अंड्यांच्या दोन पिशव्या स्पष्ट दिसतात. कोळंबी व खेकडा ज्या कवचधारी वर्गात मोडतात त्याच वर्गातील हा जीव. मात्र त्याचा कोपेपॉड हा गण मुख्यतः समुद्राचा. महासागरातील प्राणिप्लवकांचा फार मोठा भाग कोपेपॉडांचा असून असंख्य मासे त्यांच्यावर जगतात. त्या सागरी कुळाच्या ज्या शाखा गोड्या पाण्यात स्थिरावल्या, त्यांतील एक समुद्रापासून शेकडो मैल दूर, अंबडसारख्या गावाच्या विहिरींत येऊन राहिली.

व्याधीचे नाव नारू. पायावर, बहुधा घोट्याच्या आसपास, आगीसारखा दाह करणारा फोड उठतो. तो फुटला की आतून सुतासारखी पांढरी कृमी डोके काढते. ती मादी असते आणि तिची लांबी ६० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत भरते. दाह शमविण्यासाठी रोगी बारवेच्या पाण्यात पाय बुडवून पायरीवर बसतो, आणि पाण्याचा स्पर्श होताच ती मादी हजारो सूक्ष्म अळ्या त्यात सोडते. सायक्लॉप्स त्यांना अन्न समजून गिळतो. त्याच्या शरीरात सुमारे दोन आठवडे राहून अळी परिपक्व होते. मग कोणी ते पाणी प्याले की सायक्लॉप्स पोटात जिरून जातो, अळी मात्र जिवंत राहते, आणि जवळजवळ वर्षभराने त्या माणसाच्या पायावर पुन्हा तोच फोड येतो. उपचार एकच होता: बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळायचे, रोज दोनचार बोटे ओढायचे, आणि तुटू द्यायचे नाही, कारण तुटले तर जखम चिघळून पाय कायमचा जायबंदी होण्याचे भय. उन्हाळ्यात बारवेचे पाणी तळाला जाऊन सायक्लॉप्सांची दाटी होई, त्याच सुमारास नारू फोफावे, आणि पेरणीच्या तोंडावर घरातील कर्ता पुरुष खाटेवर पडून राही.

ही साखळी उलगडण्याचे श्रेय अलेक्सेई फेदचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञाचे. रुडॉल्फ लॉइकार्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने तुर्कस्तानात १८७० च्या सुमारास नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या देहात शिरताना पाहिल्या; पुढे अवघ्या तीन वर्षांत आल्प्स पर्वतावर त्याचा अकाली अंत झाला. रॉबर्ट लायपर याने १९०६ च्या सुमारास बाधित सायक्लॉप्स माकडास खाऊ घालून त्याच्या शरीरात नारू वाढतो हे दाखविले, आणि आपल्याकडे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तुरखुड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच रोगाचा कसून अभ्यास केला.

वाहक सापडला, पण हा सायक्लॉप्स नेमका कोणता, हा प्रश्न राहिला, आणि त्याचे उत्तर मिळण्यास फार काळ लागला. लिनियसने १७५८ साली चार शृंगिका दिसणाऱ्या या एकाक्ष जीवाला एकाच नावाखाली घातले. डॅनिश पंडित म्यूलरने १७८५ मध्ये ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव त्याच्या प्रजातीस दिले. जिनेव्हाच्या ज्यूरीनने १८२० मध्ये पांढरा, तांबूस, हिरवा, तपकिरी असे रंगावरून प्रकार पाडले, आणि त्यांपैकी काही पुढे खरोखरच भिन्न जाती ठरले. १८५७ मध्ये क्लाउसने एका जातीस आपला गुरू लॉइकार्ट याचे नाव दिले. मेसोसायक्लॉप्स लॉइकार्टी ही ती जाती पुढे शतकभर युरोप, आफ्रिका, हिंदुस्थान सर्वत्र आढळते असे पुस्तकांतून लिहिले जात होते, आणि नारूचा वाहक म्हणून तिचेच नाव घेतले जाई. १९८१ साली कीफर या जर्मन संशोधकाने जगभरचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा या एका नावाखाली अनेक जाती नांदत असल्याचे आढळले. खरी लॉइकार्टी उत्तरेकडील प्रदेशांची, आणि आपल्या उष्ण मुलखातील पाण्यात अ‍ॅस्परिकॉर्निस, थर्मोसायक्लोपॉइडिस अशा तिच्या भगिनी जाती.

इतका घोळ होण्यास आकारमान हे एक मोठे कारण होते. पाहणाऱ्यास प्रथम दिसते ती लांबी, आणि तिच्याच आधारे निवाडा करण्याचा मोह होतो. परंतु एकाच जातीची मादी नराहून मोठी असते, थंड पाण्यात वाढलेला जीव उन्हाळी पाण्यात वाढलेल्याहून थोराड होतो, आणि अन्न भरपूर असेल तर आकार आणखी बदलतो. म्हणून जाणकार लांबी मोजून थांबत नाही. तो सुईच्या टोकाने जीवाचे अवयव सुटे करतो, पाचव्या पायाचा इवलासा अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली घेतो, आणि त्यावरील काटा नेमका कोठून निघाला आहे ते पाहतो. समुद्रातही हीच कथा घडली. उत्तर अटलांटिकातील कॅलॅनस फिनमार्किकस या कोपेपॉडास ट्रॉन्डहाइमचे बिशप गुन्नेरुस यांनी १७७० मध्ये नाव दिले. याश्नोव्हने १९५५ मध्ये त्याच्यापासून ग्लेशियालिस ही ध्रुवीय जाती वेगळी काढली. आणि त्यानंतर कित्येक दशके संशोधक या दोहोंतील भेद मुख्यतः शरीराच्या अग्रभागाच्या लांबीवरून ठरवीत राहिले. अलीकडे जनुकीय चाचण्या झाल्या तेव्हा दोन्ही जातींच्या लांब्या एकमेकींत मिसळतात आणि जुन्या गणनांतील पुष्कळ जीव चुकीच्या नावावर नोंदले गेले आहेत, असे निष्पन्न झाले.

नाव ठरविण्यास जे आकारमान इतके दुबळे ठरले, तेच पाणी पिणाऱ्याच्या जिवाच्या दृष्टीने निर्णायक होते. नारूची नवजात अळी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक लांब असते. तिला पोटात वागवून जगायचे तर वाहकाचा बांधाही तसाच भक्कम हवा, आणि एकाच वेळी अनेक अळ्या गिळणारा सायक्लॉप्स बहुधा मरून जातो. म्हणजे ज्याच्यापासून भय, तो वाहक कापडातून सहज निसटण्याइतका बारीक नसतोच. घरातल्या बाईने जुन्या लुगड्याची घट्ट विणीची घडी घागरीच्या तोंडाला बांधली की तो वरच अडकतो. पाणी वस्त्रगाळ करून प्यावे ही आपल्याकडील जुनी चाल, जैन घरांतून तर ती धर्माचरणाइतक्या कसोशीने पाळली गेली. ज्या घरात ती नित्य पाळली गेली त्या घराने, कीफरचे नाव न ऐकता, नारूपासून आपला बचाव करून घेतला. पुढे सरकारी मोहिमेत दारोदार वाटलेल्या नायलॉनच्या गाळण्यांची छिद्रे सुमारे ०.१ मिलिमीटरची होती. तत्त्व तेच, वीण अधिक नेमकी.

त्या मोहिमेआधी जालन्यानेच एक मोठे काम करून ठेवले होते. १९६० नंतरच्या दशकात तेथील मिशनच्या विहीर खोदणाऱ्या मंडळींनी ओतीव लोखंडाच्या ठिसूळ पंपाऐवजी पोलादी हातपंप तयार केला. तो जालना पंप या नावाने प्रसिद्ध झाला, त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप आला, आणि त्यावरून १९७० नंतरच्या दशकात इंडिया मार्क टू हा देशभर बसविला गेलेला पंप घडला. १९७२ च्या दुष्काळाने बोअरची यंत्रे गावोगाव नेली. अंबडपासून काही कोसांवर जन्मलेल्या या साधनाने खडकातील पाणी थेट घागरीत आणले, आणि पाण्यात पाय घालण्याचे कारणच उरले नाही. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता आणि १९८४ मध्ये सुमारे ४०,००० रोगी नोंदले गेले. कार्यकर्त्यांनी बारवांच्या पायऱ्या बंद केल्या, कठडे घातले, पाण्यात टेमेफॉस हे औषध टाकले, रोग्यांना पाण्यात उतरू दिले नाही. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

पायऱ्या बुजविताना काही सुंदर बारवा विद्रूप झाल्या याची मला हळहळ वाटते. परंतु त्या कामी ज्यांनी हात लावला त्यांना दोष देणे मला मुळीच मान्य नाही. नारूची साखळी तुटली आणि सायक्लॉप्स मागे राहिला. साचलेल्या पाण्यात तो आजही वाढतो आणि कोणास अपाय करीत नाही. इतकेच नव्हे, तर व्हिएतनाममध्ये आरोग्यसेवकांनी मेसोसायक्लॉप्स पाण्याच्या टाक्यांत व रांजणांत मुद्दाम सोडून डेंग्यू पसरविणाऱ्या डासांच्या नवजात अळ्यांचा फडशा पाडून घेतला आहे, आणि तेथेही लहान चणीच्या जाती कुचकामी ठरून मिलिमीटरभराहून लांब असलेल्या थोराड जातीच निवडाव्या लागल्या.