आधी आसरा, मग प्रश्न : डॉ. मोहन आगाशे आणि 'कासव'

रत्नागिरीत शाळेत असताना कुणी जरा वेगळं वागलं की आम्ही म्हणायचो, "याला मनोरुग्णालयात टाका रे!" ते मनोरुग्णालय गावात 1886 पासून आहे. पण घरातल्याच कुणाची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, तेव्हा पाय तिकडे वळत नाहीत. आधी देवाला गाऱ्हाणं, मग अंगारा, मग पोटाचं औषध. मनाचा डॉक्टर सगळ्यात शेवटी.

म्हणून आजचा भाग एका अशा डॉक्टरवर, जे स्वतःच लोकांकडे चालत आले.

डॉ. मोहन आगाशे यांचा जन्म 1947 चा, भोरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये ते मनोविकारशास्त्र शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. दुसरीकडे नाटक चालूच होतं. 1972 साली 'घाशीराम कोतवाल' आलं आणि त्यातला नाना फडणवीस घराघरात पोचला. पुढे 1986 मध्ये त्यांनी जर्मनीची 'ग्रिप्स' नाट्यचळवळ मराठीत आणली. मुलांच्या नजरेतून मोठ्यांचं जग दाखवणारी ही नाटकं. समोरच्याच्या जागी उभं राहून बघायचं, हे नटाचंही काम आणि मनोविकारतज्ज्ञाचंही.

मग आलं 30 सप्टेंबर 1993. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली, काही हजार माणसं गेली. धान्य, पत्रे, तंबू पोचले. पण ज्याचं अख्खं घर गेलं, त्याच्या मनाचं काय? भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा पुढे अनेक वर्षं अभ्यास झाला, त्याची धुरा आगाशेंनी सांभाळली. आघाताची जखम ढिगारा उपसला म्हणून भरत नाही, हे तेव्हा आपल्याकडे फारसं कुणी बोलत नव्हतं.

पण दवाखान्यात न येणाऱ्यांचं काय करायचं? इथे सिनेमा कामी आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्यासोबत त्यांनी काम केलं. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया होता, 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश. सिनेमा दाखवायचा आणि नंतर प्रेक्षकांशी गप्पा मारायच्या, ही त्यांची पद्धत. पडद्यावरच्या माणसाबद्दल बोलता बोलता लोक हळूच आपल्या घरावर येतात.

आणि मग 'कासव'. 2017 मध्ये जाहीर झालेलं सुवर्णकमळ याच सिनेमाला मिळालं. जगणं नकोसं झालेल्या एका तरुणाला जानकी कोकणातल्या घरी आणते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, त्यामुळे प्रश्नांची सरबत्ती करत नाही. त्याला जागा देते, वेळ देते. आगाशे इथे दत्ताभाऊ आहेत, कासवं राखणारे.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून हेच चालतं. अंडी कुंपणात जपायची, सुमारे पन्नास दिवस थांबायचं. पिल्लं बाहेर आली की पाण्यात नेऊन टाकायची नाहीत. वाळूवर थोडी लांब सोडायची. समुद्रापर्यंत ती आपली आपण चालतात.

तेव्हा घरात कुणी ताट पुढ्यात घेऊन नुसतं बसून राहत असेल, तर "नाटकं करू नकोस" म्हणू नका. शेजारी बसा. आणि मदत लागली तर 14416 हा सरकारी 'टेली मानस'चा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!