डोळ्यांवरची काळी काच : तांबट आळी ते आर्गॉन वेल्डिंग

१/
पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचे काम चालत आले आहे. तांबटाच्या हातोडीचा नाद सर्वांच्या ओळखीचा. पण त्याची निम्मी विद्या डोळ्यांत असते. तापलेल्या धातूचा रंग पाहून तो केव्हा मऊ झाला, डाख केव्हा धरील, हे तो ओळखतो. विजेच्या वेल्डिंगने कारागिराचा हा डोळाच हिरावून घेतला. तो परत कसा मिळाला, त्याची ही हकिगत.

२/
दोन टोकांमधील फटीतून वीज वाहू लागली की प्रखर ज्योत पेटते. परिभाषेत ती ‘विद्युत् प्रज्योत’. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हंफ्री डेव्ही याने ती दाखविली आणि १८८० च्या दशकात निकोलाय बेनार्दोस याने तिच्या उष्णतेने धातू जोडून दाखविला. नवे अग्निकुंड हाती आले; मात्र त्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे अशक्य होते.

३/
या उजेडात डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. ते बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतात. घात असा की वेदना त्या क्षणी होत नाही. कारागीर घरी येतो, जेवतो, झोपतो आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखा तळमळत उठतो. घरोघरी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या जातात. त्याने गारवा मिळतो, इतकेच. तो थर बहुधा एकदोन दिवसांत आपोआप भरून येतो. म्हणूनच इशाऱ्याकडे दुर्लक्ष होते.

४/
रक्षक काचेचा शोध मात्र वेल्डिंगमुळे लागला नाही. १९०८ साली लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास इंग्लंडात काच कारागिरांना होणाऱ्या मोतीबिंदूची चौकशी चालू होती. विल्यम क्रुक्स याने काचेत निरनिराळी द्रव्ये मिसळून पाहिली आणि १९१३ साली घातक किरण अडविणाऱ्या काचांचे निष्कर्ष मांडले.

५/
पुढे वेल्डिंगच्या काचांना क्रमांक आले. १० क्रमांकाची काच दृश्य उजेडाचा सुमारे सात हजारांत एक भाग आत सोडते. ११ क्रमांकाची सुमारे एकोणीस हजारांत एक. एका क्रमांकाच्या फरकाने उजेड अडीचपटीहून अधिक घटतो. म्हणून ‘कोणतीही काळी काच चालेल’ हा समज डोळ्यांशी खेळणारा आहे.

६/
आता ॲल्युमिनियम. १८८६ साली हॉल व हेरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साह्याने ते स्वस्तात वेगळे करण्याची रीत शोधली. १८९८ साली आल्फ्रेड चॅटर्टन याने मद्रासच्या कलाशाळेत त्याची भांडी घडविण्यास आरंभ केला. हलके, चकचकीत भांडे हळूहळू आपल्याही स्वयंपाकघरांत शिरले.

७/
हा धातू जोडणे मात्र कर्मकठीण. तो वितळतो सुमारे ६६० अंश सेल्सिअसला. त्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर दोन हजार अंश ओलांडल्यावर. वर कवच शाबूत आणि आत पाणी! शिवाय तो लोखंडासारखा तांबडा होऊन सूचना देत नाही. आता घट्ट आहे म्हणावे, तोच खाली भोक पडलेले असते. तांबटाची रंग वाचण्याची विद्या येथे थिटी पडते.

८/
दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हलके धातू जोडण्याची निकड भासली. अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीच्या रसेल मेरेडिथ याला १९४२ साली एका पद्धतीचे पेटंट मिळाले. टंगस्टनच्या टोकावर प्रज्योत आणि भोवती हेलियमचे आवरण, ही तिची मुख्य कल्पना. हीच टिग वेल्डिंगची सुरुवात. पुढे आर्गॉन वायू रूढ झाला आणि आपल्या वर्कशॉपांत तिला ‘आर्गॉन वेल्डिंग’ हेच नाव पडले. ॲल्युमिनियमसाठी उलटसुलट वाहणारा प्रवाह वापरतात; त्याचा अर्धा फेरा ऑक्साइडचा थर फोडतो.

९/
अडवाणी-ओर्लिकॉन ही वेल्डिंग साहित्याची कंपनी १९५१ साली स्थापन झाली. पुढे चिंचवडला तिचा कारखाना उभा राहिला. आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या. त्यांच्या इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे. ते तडकले की फेकून द्यायचे की सांधायचे, हा प्रश्न आर्गॉनवाल्याच्या दारात येऊ लागला.

१०/
आणि येथे मुखवट्याची अडचण उभी राहिली. टिगमध्ये एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरणीची तार; पुष्कळदा पायाखाली प्रवाहाचे पेडल. हातात धरायची ढाल निरुपयोगी. डोक्यावरचा मुखवटा मान झटकून खाली पाडावा, तर काळ्या काचेतून काहीच दिसत नाही आणि टंगस्टनचे टोक जागेवरून हलते. ते ॲल्युमिनियमला टेकले की टोक आणि जोड, दोन्ही बिघडतात. शिकाऊ माणसाचे निम्मे तास टोक घासण्यातच जात.

११/
उत्तर स्वीडनमधून आले. ओके हॉर्नेल याने द्रव स्फटिकांची काच वापरली आणि १९८१ साली ‘स्पीडग्लास’ बाजारात आली. एरवी ही काच फिकी असते. प्रज्योत पेटताच सेकंदाच्या अत्यल्प अंशात काळी होते. जंबुपार व अवरक्त किरण अडविणारा थर मात्र ती फिकी असतानाही काम करतो. कारागिराला प्रज्योतीच्या आधीचा क्षणही दिसू लागला.

१२/
या इतिहासातूनच आजची निवड ठरते. ॲल्युमिनियमचे टिग शिकणाऱ्याने पाहावे ते असे : ९ ते १३ पर्यंत बदलता येणारा क्रमांक, शक्यतो चार संवेदक, कारण हाताआड एखादा झाकला जातो, कमी प्रवाहाची मंद प्रज्योतही ओळखण्याची क्षमता, आणि धूसर नव्हे, स्वच्छ काच. गडद क्रमांकापासून आरंभ करून, वितळलेल्या धातूचे पाऱ्यासारखे थारोळे स्पष्ट दिसेपर्यंत एकेक पायरी उतरावे. प्रवाहाला ठरलेल्या किमान क्रमांकाखाली कधीही जाऊ नये. चकचकीत पत्र्यावरून परतणारे किरण हनुवटीखालूनही शिरतात. म्हणून मुखवटा गळ्यापर्यंत पोचणारा हवा.

१३/
कायदाही जुना आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होते. १९६७ साली वेल्डिंगच्या डोळे व चेहरा रक्षक साधनांसाठी आय.एस. ११७९ हे भारतीय मानक आले. पण दोनतीन माणसांचे गल्लीतले दुकान ‘कारखान्या’च्या व्याख्येत बसतच नाही. तेथे ग्रिलला टाका मारणारा पोरगा आजही तोंड फिरवून, डोळे मिटून काम करतो. ज्या जोडाची मजुरी त्याला मिळणार, तो जोडच त्याला दिसत नसतो.

१४/
मुखवटा डोळे झाकण्यासाठी असतो, असे वरवर वाटते. त्याचा शंभर वर्षांचा प्रवास उलटे सांगतो. काचेचे प्रत्येक पाऊल कारागिराला अधिक दिसावे यासाठी पडले. तांबट आळीतला कारागीर आगीकडे पाहून जे वाचत होता, तेच आर्गॉनच्या ज्योतीत पुन्हा वाचता येणे, ही त्या काळ्या काचेची कमाई. मुखवट्याची किंमत ठरविताना हा हिशेब आधी मांडावा.